कडीच्या सिनेमातलं न ऐकलेलं वाक्य

त्या हिंदी सिनेमाचं पोस्टरवर छापलेलं नाव चांगलं लांबलचक होतं, पण ते कोणाच्याच तोंडात बसलं नाही. सगळे त्याला कडीचा सिनेमा म्हणत. कडी म्हणजे न्हाणीघराची. मुलीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी तिचा मामा दात घासत न्हाणीघरात शिरतो, आतून कडी लावतो आणि ती कडी जी अडकते ती सिनेमा संपत आला तरी निघत नाही. सगळ्या लग्नाची सूत्रं या मामाच्या हातात. याद्या त्याच्या डोक्यात, किल्ल्या त्याच्या कमरेला. मग तो वरच्या झरोक्यातून, तोंडातला ब्रशही न काढता, एकामागून एक हुकूम सोडत राहतो आणि या तोंडातून त्या कानात जाता जाता प्रत्येक हुकमाचा बोजवारा उडतो. एवढाच काय तो सिनेमा. मारामारी नाही, कोणी कोणाकडे बघायला लाजावं असं काही नाही. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एका रांगेत बसून बघावा असा. पन्नास वर्षं झाली, लोक अजून बघतात आणि पुढचं पाठ आहे म्हणून दोन मिनिटं आधीपासूनच हसायला लागतात.

त्यातल्या त्यात मोठा हशा व्याह्यांचा. नवऱ्या मुलाचे वडील म्हणजे गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या कोटातले, मोजूनमापून बोलणारे गृहस्थ. ते सकाळपासून बेपत्ता. इकडे मामा झरोक्यातून अख्ख्या जगाला ओरडून सांगतोय की हा व्याही किती खडूस, किती आढ्यतेखोर आणि त्याच्या मिशा कशा उसन्या आणल्यासारख्या दिसतात. तेवढ्यात न्हाणीघरातला पडदा दांडीसकट खाली येतो. मागे व्याही! पूर्ण कोटात, हात पाठीमागे बांधून उभे. बिचारे हात धुवायला आत आले होते, मामाने कडी लावली, आणि हे इतके भिडस्त, की तासभर त्यांना 'मी इथे आहे' एवढंही म्हणता आलं नाही. मामा त्यांच्याकडे बघतो. ब्रश तोंडात तसाच, फेस हनुवटीवर. आणि मामा काहीतरी बोलतो.

काय बोलतो, ते पन्नास वर्षांत कोणाच्या कानांवर पडलं नव्हतं. पडदा पडला की थिएटरात असा हशा फुटायचा, की मिनिटभर शेजारी बसलेल्या बायकोचंही ऐकू येऊ नये. लोक शिट्ट्या मारून तोच तुकडा पुन्हा लावायला सांगायचे, ऑपरेटर रीळ मागे घेऊन पुन्हा दाखवायचा, पुन्हा तोच गदारोळ. गावोगाव हेच चाललं आणि प्रत्येक प्रिंट नेमकी तेवढ्याच जागी झिजली. पुढे टीव्हीवर आला, कॅसेटवर आला, तो सिनेमा या झिजलेल्या प्रिंटांवरूनच. मामाचे ओठ हलताना दिसायचे आणि आवाज म्हणून नुसती खरखर. मूळ निगेटिव्ह कधीच खराब झालेली. लिहिणारा गेला, मामा झालेला नटही गेला. लोकांनी प्रेमापोटी ते वाक्य पार खरवडून टाकलं होतं.

आणखी एक कोडं होतं, ते शेवटाचं. कडी निघते, लग्न लागतं, मंडळी निघतात, आणि गाडीत बसता बसता व्याही परत फिरतात. कोटाच्या खिशातून कागदात गुंडाळलेली एक छोटीशी पुडी काढून मामाच्या हातावर ठेवतात. मामा पुडी नाकातोंडाशी नेतो, त्याचे डोळे भरून येतात, दोघे एकमेकांच्या गळ्यात पडतात. समाप्त. पुडीत काय होतं? कोणी म्हणे अंगठी, कोणी म्हणे माफीची चिठ्ठी. शेवट गोड होता, म्हणून फारसं कोणी खोलात गेलं नाही.

आत्याला दोन्ही माहीत होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

आत्या एकोणसत्तर वर्षांची. सहाव्या वर्षी तापात तिचे कान गेले. बोलणं राहिलं, पण आवाज लहानमोठा करायची कळ तिच्या हाताशी राहिली नाही. कुजबुजायला जावं आणि जिन्याखालच्या माणसाने वर बघावं, असा प्रकार. बाकी समोरच्याचे ओठ बघून ती सगळं समजून घ्यायची. फक्त तोंड तिच्याकडे हवं, एवढी साधी अट. आणि ही साधी अट पाळताना भल्याभल्यांची तारांबळ उडते, यावर तिचा आयुष्यभराचा अभ्यास होता.

एका रविवारी सकाळी तिचा धाकटा भाऊ पेपर वाचता वाचता खुर्चीतून उडालाच. चौसष्ट वर्षांचा माणूस, पण कडीच्या सिनेमाचा विषय निघाला की चौदाचा व्हायचा. अख्खा सिनेमा त्याला पाठ होता आणि तो कोणी विचारलं नाही तरी म्हणून दाखवायचा.

"काय आहे रे त्यात?" आत्याने विचारलं.

भावाने पेपरच्या आडूनच उत्तर दिलं. पेपरला ओठ नसतात. भावाच्या मुलीने, म्हणजे भाचीने, पुढे होऊन पेपर खाली ओढला.

"बाबा, तोंड दाखवून बोला ना."

"अगं हो, हो. ताई, आपला कडीचा सिनेमा दुरुस्त करतायत. पन्नास वर्षं झाली म्हणून. चकाचक करून मोठ्या पडद्यावर दाखवणार. आणि ते मामाचं वाक्य कोणाला आठवत असेल तर कळवा म्हणतायत. मला माहीतच आहे. पहिल्या शोला होतो मी!"

"मलाही माहीत आहे तो काय म्हणतो ते," आत्या म्हणाली.

भाऊ पेन शोधत होता. "हो, हो, ताई. नंतर सांगतो तुला सगळं."

बस. हेच ते.

पन्नास वर्षांपूर्वी, पहिल्या शोला, आत्याही तिथेच होती. एकोणीस वर्षांची, भावाच्या शेजारच्या खुर्चीवर. तेव्हा तिला हिंदीही धड येत नव्हतं आणि पडद्यावर ब्रश चावत बोलणारा माणूस म्हणजे तर आनंदच. पडदा कोसळला आणि तिच्या हाताखालचा खुर्चीचा लोखंडी दांडा थरथरायला लागला. सातशे माणसं हसत होती आणि ते हसणं तिला दांड्यातून कळत होतं. तिने भावाचा दंड धरला. "काय झालं? काय म्हणाला?" भावाने डोळे पुसत मान वळवली आणि म्हणाला, "नंतर सांगतो."

त्याचा दोष नव्हता. सगळेच म्हणायचे. आई म्हणायची, शेजारणी म्हणायच्या, लग्नात, जेवणाच्या पंगतीत, जिथे म्हणून चार माणसं हसली तिथे कोणीतरी तिच्याकडे वळून हे दोन शब्द बोलायचं. ओठांवरून तिने सगळ्यात आधी ओळखायला शिकलेलं वाक्य तेच असावं. आणि ते 'नंतर' काही येत नसे. फार आग्रह केला तर 'काही विशेष नव्हतं गं' एवढं मिळायचं. विशेष नव्हतं तर सातशे माणसं काय उगाच खुर्च्या हलवत होती?

आत्याला राग आला की ती रडत नसे, कामाला लागत असे. पुढच्या शनिवारी कारखान्यातून अर्ध्या दिवसाने सुटून ती एकटी थिएटरात गेली. त्याच्या पुढच्या शनिवारीही. सिनेमा चौदा आठवडे चालला, त्यातले अकरा शनिवार आत्याचे.

कारखाना शर्टांचा होता. आत्या कॉलर शिवायला बसायची. तिला काम शिकवलं ते मास्तरांनी, आणि मास्तरांच्या ओठांत सकाळी नऊपासून टाचण्या असायच्या. पाच-सहा टाचण्या ओठांत धरून ते दिवसभर बोलायचे, शिव्यासुद्धा टाचण्यांसकट द्यायचे. पहिल्याच दिवशी ते आत्याला काहीतरी आण म्हणाले. आत्याने ओठ वाचले आणि ती बघतच राहिली. मटण? इथे? मास्तर चिडून पुन्हा म्हणाले. पुन्हा मटणच! शेवटी मास्तरांनी स्वतःच्या शर्टाचं बटण धरून हलवलं. प, ब आणि म हे तिघे ओठांवर अगदी सारखे दिसतात. मामा, बाबा, पापा, बघणाऱ्याला सगळे एकच गृहस्थ.

मग तिने टाचण्या बघायला सुरुवात केली. 'आ' म्हटलं की टाचण्यांची टोकं खाली झुकायची. 'ऊ' म्हटलं की पुढे यायची. 'ई'ला दोन्ही बाजूंना फाकायची. दोन महिन्यांत मास्तरांचं अर्धवट, फाटकं, टाचण्यांतून गाळून आलेलं बोलणं कारखान्यात फक्त आत्यालाच पूर्ण कळू लागलं. कान शाबूत असलेल्या बायका तिला विचारायच्या, "काय म्हणाला गं हा बाबा?" आणि अकराव्या शनिवारी पडद्यावरच्या मामाच्या तोंडातला ब्रश तिला एका जाड टाचणीसारखा दिसला. दांडी झुकली, पुढे आली, झुकली. वाक्य सबंधच्या सबंध तिच्या समोर उभं राहिलं. अंधारात आत्या एकटीच मोठ्याने हसली, सगळ्यांच्या नंतर, आणि पुढच्या रांगेतल्या माणसाने दचकून मागे पाहिलं.

घरी येऊन तिने सांगायचा प्रयत्न केला होता. पण सिनेमा जुना झाला होता आणि भावाची परीक्षा होती.

तर त्या रविवारी भावाने वहीचा कागद फाडून ऐटीत पत्र लिहिलं. आत्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आपलं वेगळं लिहिलं, चार ओळींचं, आणि भाचीच्या हातात बंद पाकीट दिलं.

"पोस्टात टाक. आणि बाबांना अवाक्षर बोलायचं नाहीस."

"आत्या, तुला खरंच माहीत आहे?"

"टाक म्हटलं ना."

पंधरा दिवसांनी भावाला कार्ड आलं. 'आपला प्रतिसाद आमच्यासाठी मोलाचा आहे.' असं कार्ड त्यांनी चार हजार माणसांना पाठवलं होतं, पण भावाने त्याचा अर्थ लावला की आपण जिंकलो. त्याने ते कार्ड दर्शनी भिंतीवर लावलं आणि जिन्यातल्या प्रत्येकाला सांगून टाकलं. आत्याला आलं ते पत्र मात्र वेगळं होतं. 'प्रत्यक्ष भेटायला येऊ शकाल का?'

आत्या आणि भाची गेल्या. जुने सिनेमे दुरुस्त करणारी ती लॅब म्हणजे थंडगार खोल्यांची रांग, पांढरे हातमोजे घातलेली माणसं आणि कुठेही धूळ नाही. तिथल्या मुख्य बाईंनी स्वागत केलं. शेजारी एक चष्मेवाले गृहस्थ होते. ओठ वाचायचं शास्त्र शिकवतात, अशी ओळख करून दिली. आत्याने त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं. शास्त्र!

पडद्यावर मामा आला. स्वच्छ, धुतल्यासारखा. आवाज नाहीच. मामा चार-पाच सेकंद बोलला आणि थांबला.

"चार हजार पत्रांपैकी तीन हजारांवर लोकांनी 'सामान' लिहिलंय," बाई अगदी आत्याकडे तोंड करून, सावकाश बोलल्या. आत्याला त्या तिथेच आवडल्या. "सरांचंही तेच मत आहे. 'सामान बाद में लौटा दीजिएगा.' तुम्ही एकट्याच वेगळं म्हणताय."

"सामान नाही, साबुन," आत्या म्हणाली. बाहेरच्या खोलीतली दोन माणसं दारात डोकावली. आवाजाचं काय करणार! "'आप पहले नहा लीजिए, साबुन बाद में लौटा दीजिएगा.'"

चष्मेवाले सर हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. "ताई, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात," ते म्हणाले.

"हे मला तुम्ही सांगणार? ओठ सोडा. ब्रश बघा. 'सामान'ला दोन्हीदा 'आ' आहे, दांडी खालीच राहिली पाहिजे. ही बघा कशी पुढे आली. 'बु'! लावा पुन्हा."

लावलं. सर खुर्चीतून उठून पडद्याच्या जवळ गेले. पुन्हा लावलं. त्यांनी स्वतःच्या खिशातलं पेन दातांत धरलं आणि आधी सामान म्हणून पाहिलं, मग साबुन म्हणून पाहिलं. बाईंनी हसू दाबलं.

"असू शकतं," सर पेन काढून म्हणाले. "पण ब्रश फेसामुळेही सरकला असेल. एवढ्यावर खात्रीने कसं सांगायचं?"

भाचीचा चेहरा पडला. आत्याचा नाही.

"शेवट लावा," ती म्हणाली. "पुडीचा."

शेवट आला. व्याही परत फिरले, पुडी मामाच्या हातावर ठेवली, मामाने ती नाकातोंडाशी नेली.

"थांबवा. काय करतोय तो?"

"रडू आवरतोय," बाई म्हणाल्या. "तोंडावर हात..."

"रडू डोळ्यांतून येतं बाई, तो नाक कशाला खुपसतोय? वास घेतोय! पुडीत साबण आहे. मामा म्हणाला होता नंतर परत द्या. तो खडूस माणूस तासभर हात मागे बांधून उभा होता ना, त्याच्या हातात साबण होता. दिवसभर खिशात घेऊन फिरला, आणि शेवटी दिलेल्या शब्दाप्रमाणे परत द्यायला आला."

चित्र थोडं मागे नेऊन त्यांनी पुन्हा पाहिलं. स्वच्छ केलेल्या चित्रात मामाच्या नाकपुड्या फुगलेल्या चक्क दिसत होत्या. सर मटकन खाली बसले आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. बाई हातमोज्यांनीच डोळे पुसत होत्या. "पन्नास वर्षं," त्या म्हणत होत्या, "पन्नास वर्षं आम्ही समजत होतो अंगठी आहे!"

निघताना त्यांनी विचारलं, आम्ही तुमच्यासाठी काय करू शकतो? आत्याने उत्तर घरून तयार करून आणलं होतं.

"मामाचं तेवढं एक वाक्यच नाही, सगळ्या सिनेमाचं बोलणं खाली लिहा. प्रत्येकाचं. मागून बोलणाऱ्यांचंसुद्धा. मला एकदा सगळा बघायचाय. आणि शोपर्यंत हे वाक्य कोणाला सांगू नका, घरात एक शहाणा आहे."

पहिला शो रविवारी दुपारी. थिएटर तेच, खुर्च्या नव्या, पण हाताखाली लोखंडी दांडा होता तसाच. आत्याने बसल्या बसल्या चाचपून पाहिला. भाऊ कडक इस्त्रीच्या शर्टात मध्ये बसला, पलीकडे भाची. हॉल भरलेला. भावाने पाठीमागच्या अनोळखी जोडप्याला वळून सांगितलं, की वाक्य आपण कळवलंय.

अंधार झाला, आणि पहिल्याच दृश्यात खाली पांढरी अक्षरं उमटली. दाराआडून ओरडणारी मावशी, पाठमोरा नवरदेव, खोलीबाहेरचे वाजंत्रीवाले, ज्यांचे ओठ तिला कधीच दिसले नव्हते ते सगळे आज तिच्याशी बोलत होते. मावशी इतकी विनोदी आहे, हे तिला पन्नास वर्षांनी कळलं. ती सगळ्यांच्या बरोबर हसली, त्याच क्षणी, एकदाही मागे न राहता. पोट दुखेपर्यंत हसली. यासाठी मी काहीही केलं असतं, असं तिला वाटलं, आणि मग आठवलं की आपण केलंच आहे.

मग पडदा कोसळला.

दांडा थरथरला, जमीन हलली, लोक एकमेकांच्या अंगावर पडले. मामा बोलला, लॅबवाल्यांनी एका नकलाकाराकडून तो आवाज तंतोतंत भरून घेतला होता, खाली अक्षरंही आली. पण आत्याने आजूबाजूला पाहिलं आणि तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. हसणारा माणूस डोळे मिटतो! कोणी गुडघ्यांत डोकं घातलं होतं, कोणी छताकडे तोंड केलं होतं. आवाज हशात बुडाला, अक्षरं येऊन गेली, आणि अख्ख्या हॉलमध्ये ती वाचणारी बहुधा आत्या एकटीच.

भावाने तिचा दंड धरला. डोळ्यांतून पाणी, चष्मा हातात. "ताई! काय लिहिलं होतं? सामानच ना?"

आत्या त्याच्याकडे वळली. पन्नास वर्षं तिने हा क्षण मागितला नव्हता, पण तो समोर आला होता आणि ती काही संत नव्हती.

"नंतर सांगते," ती म्हणाली.

भावाचं हसू जागच्या जागी थांबलं. तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला काय काय आठवलं कोणास ठाऊक, पण त्यानंतर त्याचं पडद्याकडे नीट लक्ष लागलं नाही.

शेवट आला. व्याही गाडीपासून परत फिरले. हॉल शांत होता, या ठिकाणी नेहमीच शांत असतो. पुडी मामाच्या हातावर आली. मामाने ती नाकाशी नेली. भावाने मान वळवून आत्याकडे पाहिलं, अगदी समोरून, पूर्ण तोंड दाखवून.

"ताई, सांग ना," त्याच्या ओठांनी म्हटलं. "चुकलंच माझं. खूपदा चुकलं."

आपण किती वर्षं याच चेहऱ्याने याच्याकडे बघत होतो, ते तिला दिसलं. 'नंतर' म्हणजे कधी, हे तिला चांगलं माहीत होतं. ती त्याच्या कानाशी वाकली आणि तिने आपल्या समजुतीने अगदी हळू, फक्त त्याला ऐकू जाईल असं सांगितलं.

"मामा म्हणाला, 'आप पहले नहा लीजिए, साबुन बाद में लौटा दीजिएगा!'"

त्या शांत हॉलमध्ये तिचा आवाज पहिल्या रांगेपासून बाल्कनीपर्यंत खणखणीत पोचला. पन्नास वर्षांत थिएटरात ते वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं. सगळ्या माना पडद्याकडे, पुडीकडे, मामाच्या नाकाकडे वळल्या. आणि मग आत्याच्या हाताखालचा लोखंडी दांडा असा थरथरायला लागला, की तिने दचकून भावाकडे पाहिलं. भाऊ हसत होता आणि रडत होता. पलीकडे भाची खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. पुढच्या रांगा वळून वळून बोलणारीला शोधत होत्या, वरून कोणी शिट्ट्या मारत होतं, आणि ऑपरेटरने, कोणी सांगायची वाट न बघता, सिनेमा मागे घेतला.

"काय झालं?" आत्याने विचारलं.

भावाने तिचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला आणि लगेच, तिथल्या तिथे, शब्दन् शब्द तिला सांगायला सुरुवात केली.